पोटखराबा

गट नंबर एकशे त्रेचाळीस, मौजे होळखेडे, बुराईचा काठ.
पऱ्हाटीच्या सरळ ओळी चालत येतात
आणि इथे थांबतात,
चपला काढायला थांबावं तशा.
पुढे एक वाटोळं.
वाटोळं म्हणजे गोल. दुसरा अर्थ नंतर येईल.

पांढऱ्या मातीचा पुरुषभर बांध,
बाहेरून बुजत आलेला खंदक,
आत हिवराचं एकच झाड आणि बोराट्या.
मी भूकरमापक. सव्वीस वर्षं
भावाभावांतलं वीतभर भांडण मोजत आलो.
माझ्या नकाशांना कोपरे असतात.
याला कोपरा नाही, दगड रोवायचा कुठे?
जुन्या टिपणात कुणीतरी बोरूनं
नुसतं कडं काढून ठेवलंय :
पोटखराबा. आकार नाही.
आकार म्हणजे सारा, हे मला कळतं.
तरी हसू आलं.
अख्ख्या शिवारात एवढाच एक आकार,
आणि त्यालाच आकार नाही.

साखळी धरून आत निघालो
तर शेळ्यांमागून सुपडाबाई ओरडली,
"भो, तठे नको जाऊ! ती सातजनीसनी जागा शे."
तिच्या आजेसासऱ्यानं एकदा नांगर घातला होता.
बैल आडवा झाला, एवढंच ती सांगते.
कोणता बैल, कोणतं साल, विचारू नये.

वैशाखात पुरातत्त्वच्या वैद्यबाई आल्या.
खापराची एक कड बोटांत फिरवत राहिल्या
पाणी प्यायचं विसरून.
म्हणाल्या, घर असेल. भोवती कूड.
रात्री ढोरं आत, लांडगे बाहेर.
म्हणाल्या, आयर्लंड नावाच्या ओल्या बेटावर
अशी मातीची कडी हजारोंनी आहेत,
हजार-बाराशे वर्षांची.
कायदा अलीकडचा. त्याआधी ती राखली
लोकांच्या भ्यायलेपणानं :
आतलं काटेरी झाड तोडलं
तर पऱ्या घर बघून ठेवतात.
सुपडाबाईनं मान डोलावली,
माहेरच्या गावाचं नाव निघावं तशी.
"तठे बी सातच शेतस का?"
वैद्यबाईंना आकडा ठाऊक नव्हता.

मग निळी पाटी आली. संरक्षित. दंड. कैद.
गावानं रक्कम वाचली, हिशेब केला.
भीतीला किंमत लागली
की ती परवडू लागते.
जिथे आडोशालाही कुणी बसत नव्हतं
तिथे दिवाळीआधी चार रात्री ट्रॅक्टर लागला.
पांढरी माती केळीला चांगली. विटेलाही.
पूर्वेकडून साडेअकरा मीटरचा घास गेला.
हा दुसरा अर्थ.

पंचनाम्याला गेलो. भट्टीवर एका कच्च्या विटेत
शंखाची अर्धी बांगडी
दात काढून हसत होती.
गटाचा मालक धुडकू भिका म्हणाला, मला माहीत नाही.
खरंच नसेल. त्या रात्री
ज्याचा त्याचा दिवा बंद होता.
सुपडाबाई माझ्या कागदांकडे बघत म्हणाली,
"तुनी पाटी चावस का, भो?"
नाही म्हटलं.
"मंग?"

माघात हद्दीच्या खुणा तपासायला गेलो
तर पाटीच्या पायाशी सात गोटे, शेंदूर ओला.
खांबालाही बोट ओढलेलं,
आणि 'संरक्षित'च्या अनुस्वारावर
नेमका एक ठिपका.
खाल्लेल्या जागी टोपल्या-टोपल्यांनी
माती परत आणून टाकलेली.
कुणी, ते कुणी सांगत नाही.

नियमानं हे विद्रूपीकरण.
कलम माझ्या खिशात होतं.
मी साखळी घेऊन बाहेरून वळसा घालत मोजलं.
आतून आडवा गेलो असतो
तर अर्धा तास वाचला असता.
अहवालात लिहिलं :
खुणा जागेवर आहेत. सात.
रंगाचा रकाना
छापील नमुन्यात नाही.